एका नुक्त्याची अमानत

गेल्या रमजानच्या आधी कोल्हापुरातील आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांसाठी दुआंचे एक पत्रक तयार केले. वर अरबी, खाली देवनागरीत उच्चार आणि मग मराठी अर्थ. घरी टाइप करून तपासले, सगळे ठीक होते. छपाईच्या वेळी फॉन्ट बदलला आणि प्रूफात ‘क़ल्बी’चे ‘कल्बी’ झाले. अक्षराखालचे एक टिंब, म्हणजे नुक्ता, गळाला होता. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा! माझे हृदय दीनवर कायम ठेव, ही दुआ. मुले काय म्हणून बसली असती, या विचाराने अंगावर काटा आला. प्रूफ पाहिले म्हणून निभावले, अल्हम्दुलिल्लाह.

मराठी लेखनात नुक्त्याची सवय नाही, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? पण फॉन्ट कसा घडतो, हे तेव्हा समजून घेतले.

फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरांची चित्रे नव्हेत. कोणत्या अक्षराखाली नुक्ता, उकार कुठे बसेल, याचे नियमही त्यात असतात. ‘क़ुरआन’ हा शब्द पाहा. ‘क’खाली नुक्ता हवा आणि उकारही. नुक्ता बाजूला सरकवायचा की उकार खाली उतरवायचा, हे फॉन्ट घडवणाऱ्याने आधीच ठरवावे लागते. बारीक छपाईत नुक्ता लहान असेल तर दिसत नाही, मोठा असेल तर अक्षराला चिकटतो. म्हणून वेगवेगळ्या आकारांत छापून पाहायचे, कणभर सरकवायचे, पुन्हा छापायचे. विंडोजमधला ‘मंगल’ घडवणारे र. कृ. जोशी असोत की मुंबईचा ‘एक टाइप’ हा गट, सर्वांचे काम असेच चिकाटीचे. ‘एक टाइप’ने देवनागरीच्या ‘बलू’ला उर्दूतला ‘बलू भाईजान’ही जोडीला दिला आहे. दोन्ही मोफत मिळतात.

उर्दू नस्तालीकची वाट याहून बिकट. तिथे अक्षरे तिरकी उतरतात, शेजारचे अक्षर पाहून रूप बदलतात. म्हणून कातिब अख्खे वर्तमानपत्र हाताने लिहीत. पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २० हजार जोडरूपे घडवली, तेव्हा कुठे १९८१ च्या सुमारास ‘नूरी नस्तालीक’ छपाईत आले.

आपल्याला एवढे करता येईल. पत्रक असो वा लग्नपत्रिका, ज्या फॉन्टात आणि ज्या आकारात छापायचे, त्यातच प्रूफ मागा. क़ुरआन, ज़ुहर, ग़ुस्ल हे शब्द आधी तपासा. नावेही पाहा. ‘जलील’ म्हणजे थोर, ‘ज़लील’ म्हणजे हीन. मजकूर पाठवताना पीडीएफही जोडा, म्हणजे ताडून पाहता येते.

आणि एक ध्यानात असू द्या. ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय या चारही हरफांसाठी देवनागरीत एकच ‘ज़’ आहे. उत्तमातला उत्तम फॉन्टही ते वेगळे दाखवू शकत नाही. देवनागरी उच्चार ही हाताशी असलेली काठी आहे. चालायला शिकवतात ते उस्तादच. मुलांना त्यांच्यापुढे बसवाच. पण तोवर जी काठी आपण हाती देतो, ती तरी मोडकी नसावी.