हौद, नळ आणि विषाणू

एका नळाने भरणारा आणि दुसऱ्याने रिकामा होणारा हौद ज्यांनी शाळेत सोडविला आहे, त्यांना १९९५ साली एचआयव्हीसंबंधी लागलेल्या शोधाचे मर्म समजावयास अडचण पडू नये. संसर्गानंतर रक्तातील विषाणूंची संख्या वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते, त्यावरून विषाणू निद्रिस्त असावा असा समज तोवर रूढ होता. परंतु वैद्यकीय संशोधक डेव्हिड हो यांनी रुग्णांना औषध देऊन आवकेचा नळ एकाएकी आवळला आणि लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील गणिती जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलन पेरेल्सन यांनी संख्येच्या उताराचा हिशेब मांडला, तेव्हा ती स्थिरता म्हणजे प्रचंड जमा आणि तितकाच प्रचंड खर्च यांची तोंडमिळवणी होती, हे उघड झाले. रोज सुमारे १,००० कोटी विषाणूकण निपजतात आणि बाधित पेशी सरासरी २.२ दिवसच जगते, असे १९९६ साली त्यांनी दाखविले. इतक्या नकला उतरत असता चुका होणारच, आणि एकट्या औषधाला दाद न देणारा विषाणू त्यांतूनच उपजणार; म्हणून औषधे एकत्र द्यावी लागतात.

२०१५ साली जपानमध्ये शिंगो इवामी आणि सहकाऱ्यांनी याहून सूक्ष्म प्रश्न हाती घेतला. बाधित पेशी शेजारच्या निरोगी पेशीला बिलगून विषाणू थेट तिच्या हवाली करते, हे ठाऊक होते. पण एकंदर संसर्गात या मार्गाचा वाटा किती? त्यांनी पेशींचे एक पात्र स्थिर ठेवले आणि दुसरे हलवीत ठेवले, जेणेकरून त्यातील पेशींना परस्परांना बिलगता येऊ नये आणि तरंगत्या विषाणूंवाचून दुसरा मार्गच उरू नये. दोन्ही पात्रांतील नोंदी समीकरणांत घातल्यावर उत्तर आले, सुमारे ६० टक्के. पेशींची मिठी सूक्ष्मदर्शक दाखवील, हा वाटा मात्र त्याच्याने सांगवणार नाही.

आणि आपल्याकडे वैद्यकाकडे जाऊ इच्छिणारा विद्यार्थी अकरावीतच गणिताला रामराम ठोकतो. प्रवेशपरीक्षेत तो विषय नाही, आणि पुढे सांख्यिकीचे चार पाठ झाले की त्याच्या दप्तरातून गणित कायमचे खारीज होते. हे मला अत्यंत घातक वाटते, कारण रोग हा मुळात काळाबरोबर बदलणाऱ्या राशींचाच व्यवहार आहे. वैद्यकाच्या पहिल्या वर्षी कलनशास्त्र सक्तीचे करावे. औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातील विषाणुसंख्येचे आकडे आणि लॉगरिदमचा आलेखकागद विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, आणि त्या उतरत्या रेषेवरून बाधित पेशीचे आयुष्य त्याला स्वतःच काढू द्यावे.