मु. पो. कुठे लिहायचे?

मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक. एवढ्या आधारावर आपल्या पोस्टमनने पिढ्यान्‌पिढ्या मनिऑर्डरी पोचवल्या. या पत्त्यात रस्ता नाही, घर क्रमांक नाही. संगणकावरचे कित्येक अर्ज मात्र या दोन चौकटी भरल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मग माणसे तिथे शून्य लिहून मोकळी होतात. आणि ज्या तालुक्यावाचून एक वडगाव दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, त्याला बरेचदा चौकटच नसते!

बँकेतल्या नोकरीत मी हे जवळून पाहिले. खातेवह्यांच्या काळात कारकून समासात ‘मारुतीच्या देवळामागे’ असे लिहून ठेवी. संगणक आला आणि ठरावीक अक्षरांच्या ओळीत देऊळ अर्धेच मावू लागले. पत्र परत आले की शेरा ठरलेला: पत्ता अपूर्ण. भुर्दंड खातेदाराला.

यावर पिनकोड आहेच की, असे कोणी म्हणेल. संस्कृत कवी आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही देणगी १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आली. पण पिनकोड टपाल कार्यालय सांगतो; राज्य वा जिल्हा त्यावरून ठरवू गेल्यास फसगत होते. ४० ते ४४ हे आकडे महाराष्ट्राचे, पण ४०३ गोव्याचे. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पिनकोड तेच राहिले. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने दहा अक्षर-अंकांचा डिजिपिन आणला. तो सुमारे चार मीटरचा चौकोन दाखवतो. पण चाळीत एकावर एक असलेल्या खोल्यांना डिजिपिन एकच!

उपाय अवघड नाही. माणूस सांगेल तसा पत्ता त्याच्याच लिपीत, दोन-तीन ऐसपैस ओळींत ठेवावा. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड आणि खूण यांना वेगळी जागा द्यावी. घर क्रमांकाची सक्ती नको. पिनकोड संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवावा. बॉस्टनला राहणाऱ्या मुलाचा कोड शून्याने सुरू होतो. संख्या मानली की ते शून्य गळून पडते.

तेव्हा ‘घर क्रमांक’ सक्तीचा दिसला, तर खिडकीपलीकडच्या माणसावर रागावू नका. ती चौकट त्याने आखलेली नाही. ज्याने आखली, त्याला मात्र एकदा एखाद्या वाडीवर पत्र पोचवायला धाडले पाहिजे.