मागे उभा राहणारा

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर फुटबॉल सुरू झाला की एक दृश्य हमखास दिसते. प्रत्येकाला पुढे खेळून गोल करावयाचा असतो. मागे राहून राखण करण्याचे काम सर्वांत धाकट्याच्या माथी येते. तो बिचारा हिरमुसतो. अशा वेळी आम्ही त्याला आपल्या हैदराबादच्याच सय्यद नईमुद्दीन यांची हकिकत सांगतो.

ज्या रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९६२ साली जाकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते मूळचे शाळामास्तर. त्यांनी या शहरात घालून दिलेल्या परंपरेत नईमुद्दीन वाढले व बचावफळीत नावारूपास आले. पुढे कलकत्त्यास ईस्ट बंगाल, मोहन बागान अशा मातब्बर संघांकडून खेळले. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात भारताने जपानला १-० असे हरविले. गोल करणाऱ्याचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु तो एकुलता एक गोल अखेरच्या शिट्टीपर्यंत पुरला, याचे श्रेय मागे उभ्या राहिलेल्यांचे. त्या कांस्यपदकानंतर अर्धशतक उलटले, तरी भारताच्या पुरुष संघाला या स्पर्धेत पुन्हा पदक लाभलेले नाही. त्याच वर्षी नईमुद्दीन यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढे ते प्रशिक्षक झाले. १९९० साली त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने ड्युरँड, रोव्हर्स आणि आय.एफ.ए. शील्ड या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. द्रोणाचार्य पुरस्कारही त्याच वर्षीचा. १९९७ साली काठमांडूस आणि २००५ साली कराचीस भारताने दक्षिण आशियाई विजेतेपद मिळविले, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. त्यांची शिस्त करडी. ती सर्वांनाच मानवली असे नाही. पण मागे उभे राहणाऱ्यास सारे मैदान समोर दिसते. कोण दमला, कोण जागा सोडून भरकटला, हे त्याला आधी कळते. गुरूलाही हीच दृष्टी लागते.

न झालेल्या गोलाची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही. घर सावरणाऱ्या माणसांचेही असेच असते. काही बिघडले नाही, एवढीच त्यांच्या कामाची खूण.

तेव्हा वाचकहो, मुलगा खेळून घरी आला की "किती गोल केलेस?" असे आपण विचारतोच. एखादे दिवशी "किती अडवलेस?" असेही विचारून पाहा. त्याचा चेहरा कसा उजळतो ते दिसेल.