कार्ड नानीच्या कपाटात

अकीक्याला किती पाहुणे आले, बिर्याणीच्या किती डेगा उतरल्या, हे आपल्या घरांत सगळ्यांना पाठ असते. पण ‘बाळाला गोवराचा दुसरा डोस कधी दिला?’ असे विचारले की अम्मी दादीकडे बघते आणि दादी नानीला फोन लावते.

हे आमच्याच घरात घडले. नात जन्मली तिच्या आजोळी, चिपळूणला. बाळ-बाळंतीण मुंब्र्याला आली, कार्ड मात्र नानीच्या कपाटात राहिले. सर्दी झाली की कोपऱ्यावरचा दवाखाना, ताप चढला की दुसरा, ईदला गावी गेलो की तिसरा. औषधे लागू पडत होती. पण अडीच वर्षांची झाली तरी नात दोन शब्द जोडून बोलेना. ‘तिचे अब्बाही उशिराच बोलले,’ असे म्हणून आम्ही गप्प बसलो.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या मागवून तारखेप्रमाणे लावल्या. सर्दी आणि कानदुखी पुन:पुन्हा होत होती. तपासणीत कळले, कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते. मुलीला ऐकूच कमी येत होते. प्रत्येक डॉक्टरांनी त्या दिवसाचा आजार पाहिला. सगळे आजार एकत्र मांडून दाखवणे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही.

कार्ड आले तेव्हा १६ ते २४ महिन्यांची ओळ कोरी होती. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर, दोन्ही राहिले होते. सिस्टरांनी धीर दिला: लसीकरण चुकले तर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, थांबले तिथून पुढे चालते. साधी सर्दी असली तरी लस टाळायची नसते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडीत गोवराने मुले दगावली, ते आठवून आमच्या अंगावर काटा आला.

म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, शक्यतो एकच डॉक्टर ठरवा. बदलावा लागला तर फाइल सोबत न्या. दोन, कार्डाचा फोटो अम्मी आणि अब्बा दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. तीन, मूल आजारी नसतानाही अंगणवाडीत वजन करा. कार्डावरची वजनाची रेघ सपाट झाली किंवा खाली आली, तर मूल खेळते असले तरी डॉक्टरांना दाखवा. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत चालतो, तोही नोंदवून घ्या. चार, २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. पथक कधी येणार, हे सेविकाताईंना विचारून ठेवा. डोळे, कान, दात, हृदय, वाढ यांतले दोष लवकर सापडले तर उपचार सोपे जातात.

आमची नात आता दिवसभर बडबडते, अल्हम्दुलिल्लाह. पण तिचे जे महिने आमच्या गाफीलपणात गेले, त्यांची रुखरुख आहे. औलाद ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. मग अमानतीचा हिशेबही नीट ठेवायला हवा. आज इशाची नमाज झाली की कपाट उघडा आणि आधी ते कार्ड शोधा.