तत्काळ म्हणजे किती काळ?

निवडणुका जाहीर झाल्या की सोलापूरच्या चहूंकडच्या रस्त्यांवर तपासणी नाकी बसतात. कांद्याच्या हिशेबाची पट्टी घरी विसरलेला शेतकरी किंवा चादरींची वसुली करून परतणारा यंत्रमागधारक तेथे अडतो आणि त्याजपाशी ५० हजारांहून अधिक रोकड निघाली तर ती जप्त होण्याचा संभव असतो. मतदारांना वाटावयाचा पैसा पकडला जावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि अशा रकमेसाठी निवडणूक आयोगाने जिल्हा समिती नेमली असून, गुन्हा वा तक्रार दाखल नसल्यास मतदानानंतर ७ दिवसांपलीकडे ती अडकवून ठेवू नये, असा दंडकही घातला आहे. आश्चर्य हे की, धामधुमीत मिळणारे हे संरक्षण एरवीच्या शांत दिवसांत मिळत नाही!

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १०६ वे कलम चोरीची किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा स्थितीत सापडलेली मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना देते. जुन्या संहितेच्या १०२ व्या कलमाचेच हे नवे रूप होय. बँकेतील खातेही या 'मालमत्ते'त मोडते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच अपिलावर दिला. तो योग्यच होता. लाचखोर हल्ली पैसा उशाखाली ठेवीत नाहीत. परंतु अधिकार विस्तारला त्या मानाने बंधन दृढ झाले नाही. जप्तीची वर्दी दंडाधिकाऱ्यांस 'तत्काळ' द्यावी, एवढेच कायदा म्हणतो. वर्दीस विलंब झाला तर काय? एवढ्यावरून जप्ती अवैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२४ रोजी सांगितले. विलंबाचे समाधानकारक कारण न देणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध खात्यामार्फत कारवाई होऊ शकेल. न्यायालयाचा तर्क आम्हांस समजतो. पण अधिकाऱ्यावर ठपका आला म्हणून शेतकऱ्याच्या बियाण्याचे पैसे पेरणीपूर्वी परत येत नाहीत.

मुद्देमाल पंधरा दिवस, फार तर महिना, याहून अधिक काळ पोलिसांपाशी पडून राहू नये, असे याच न्यायालयाने २००२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात म्हटले होते. नोटांचा तपशीलवार पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत, बंधपत्रावर रक्कम सोडावी, ही रीतही त्यात आहे. मात्र त्यासाठी अर्ज मालकाने करावयाचा, वकील त्याने द्यावयाचा आणि तारखांना खेटेही त्यानेच घालावयाचे! इंग्लंडमध्ये, २००२ च्या कायद्यानुसार, संशयित रोकड ४८ तासांपलीकडे ठेवण्यासाठी पोलिसांनाच न्यायालयाकडे जावे लागते. सुट्टीचे दिवस त्यात धरीत नाहीत, इतकीच सवलत.

आपल्याकडेही १०६ व्या कलमात 'तत्काळ'च्या जागी तासांची मर्यादा घालावी आणि ती ओलांडल्यास रोकड बंधपत्रावर परत मिळण्याचा हक्क मालकास द्यावा. फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीतील आहे. तेव्हा संसदेची वाट न पाहता, राष्ट्रपतींची संमती मिळवून, महाराष्ट्र विधिमंडळासही ही दुरुस्ती करता येईल. सोलापूर जिल्ह्यातील आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, असे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे.