तक्रार न लिहिणाराही गुन्हेगारच

लेकराच्या अंगाला कुणी वाईट हेतूनं हात लावला, तर त्याला फासावर द्या, असं आपण सगळ्याजणी म्हणतो. ओट्यापाशी म्हणतो, महिला मंडळात म्हणतो. पण त्या लेकराच्या आईला ज्या साहेबांनी ‘उद्या या’ म्हणून ठाण्यातनं परत पाठवलं, त्यांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. तेही गुन्हेगार आहेत. आणि हे नुसतं माझं मत नव्हे, कायद्यातच तसं लिहिलंय.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं ते कळवायलाच हवं, असं त्याचं १९ वं कलम सांगतं. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य लपवलं, तर एक वर्षापर्यंत कैद. एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच २१ व्या कलमात आणखी एक माणूस उभा आहे, तक्रार समोर आल्यावर ती न नोंदवणारा. त्यालाही सहा महिन्यांपर्यंतची तीच शिक्षा. शिवाय पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

भारतीय न्याय संहितेचं १९९ वं कलम तर याहून कडक. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या सरकारी नोकराला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी. आधी हीच तरतूद २०१३ साली जुन्या दंड संहितेत आली होती. या गुन्ह्यासाठी खटला भरायला सरकारची परवानगीही लागत नाही. मग अडलंय कुठं?

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. बालवाडीतल्या दोन चिमुरड्या. पालक ठाण्यात गेले, तर तासन्‌तास बसून राहिले. २० तारखेला हजारो माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली, तेव्हा कुठं सरकार हललं. मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि पोलिसांना खडसावलं. शाळेच्या चालकांवर वेळेत न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला, ते योग्यच झालं. पोलिसांच्या वाट्याला तेव्हा काय आलं? निलंबन.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे हो! चौकशीपुरतं घरी बसवणं ते. त्या काळात निर्वाह भत्ताही मिळतो. चालकांना एक न्याय आणि खाकीला दुसरा, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहीत असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहीत असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं. डॉक्टरचं गप्प राहणं गंभीर, तर ज्याचं कामच नोंद करण्याचं, त्याचं गप्प राहणं किरकोळ कसं?

काहीजणी म्हणतील, खोट्या तक्रारीही होतात. होत असतील. त्यासाठी त्याच कायद्यात २२ वं कलम आहे. पण खरं-खोटं ठरवायला तपास आहे, कोर्ट आहे. ते ठाण्याच्या टेबलावर, चहा पिता पिता ठरवायचं नसतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद सक्तीची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय.

आणि आता आपलंही थोडं बोलूया. साहेब ‘मुलीच्या लग्नाचं बघा, आपसात मिटवा’ असं कुणाच्या जिवावर म्हणतात? आपल्याच. समाजातली चार मोठी माणसं त्यांच्या आधी तेच बोलून गेलेली असतात. ‘घरातलं घरात राहू दे’ असं सांगणारी काकू, आजी, नणंदही असते. आपण तोंड मिटायचं ठरवलं की साहेबांना पेन उचलायची गरजच उरत नाही.

आमच्या सीमाभागात आणखी एक सबब ऐकायला मिळते, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ बेळगावची मुलगी, मामाचं गाव चंदगडकडं. लेकरू काय नकाशा बघून रडतं? १ जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा स्पष्ट सांगतो, गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यानं नोंदवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची.

तेव्हा बायांनो, अशा आईबरोबर ठाण्यात जायची वेळ आली, तर ‘साहेब, कृपा करा’ म्हणू नका. तक्रार लेखी द्या, प्रत मागा. नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जा. १०९८ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि नकार देणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ वहीत टिपा. उद्या १९९ व्या कलमाखाली त्याच्यावर तक्रार करताना तेच कामाला येणार आहे. बदली करून हा प्रश्न सुटत नाही. बदलीच्या गावातही लेकरं असतातच.