चार्जिंग दुपारी की सातला?

इलेक्ट्रिक दुचाकी घरी आली की संध्याकाळी सातला प्लग खोचला जातो, नेमकी विजेची मागणी कळसाला असताना. ती भागवायला धावतो १,९६० मेगावॅटचा कोयना जलविद्युत प्रकल्प. कोयना धरणातून पोफळीच्या वीजघराकडे वळून वीज देणारं पाणी पुन्हा कृष्णेत येत नाही. त्या वळवणीला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. उन्हाळ्यात सांगलीकर कोयनेतून पाणी सोडा म्हणून टाहो फोडतात, ते याच धरणाचं. दुपारी मात्र सौर वीज मुबलक असते. म्हणूनच १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. पण दुपारी गाडी असते कुठे? कुपवाड एमआयडीसीच्या शेडखाली, मार्केट यार्डाच्या दारात, साताऱ्याच्या राजवाड्यापाशी. तिथे प्लग नाही, तर घरच्या सवलतीचा उपयोग काय? गाडीतली वीज ग्रीडला परत देण्याच्या गप्पा सावकाश होऊ द्या. दुचाकीच्या बॅटरीत मावतात जेमतेम दोन-चार युनिटं. महावितरण, एमआयडीसी आणि पालिकांनी आधी कामाच्या जागी दुपारच्या स्वस्त दराचे चार्जिंग पॉइंट द्यावेत.